अशिलासाठी गालिचा

गालिच्याच्या दुकानात पहिला प्रश्न रंगाचा नसतो, हे मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं. मी आणि नवरा घरून रंगावरच भांडून निघालो होतो. त्याला विटकरी हवा होता आणि मला ज्यावर काहीही सांडलं तरी दिसणार नाही असा कुठलाही. दुकानदाराने मात्र आम्हाला आधी चपला काढायला लावल्या, स्वतः अनवाणी एका पसरलेल्या गालिच्यावर उभा राहिला आणि विचारलं, "घरात चालतं कोण?"

प्रश्न साधाच होता. पण मी नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने माझ्याकडे आणि माझ्या कडेवर बसलेल्या लेकीने, गुंडीने, दुकानदाराच्या शर्टाकडे.

"ही," नवरा म्हणाला.

"ही चालते?"

"अजून नाही. पण चालेल आता. अकरा महिन्यांची आहे."

"म्हणजे सध्या घरात कुणीच चालत नाही," दुकानदार म्हणाला आणि स्वतःच हसला.

आम्हीही हसलो, जरा जास्तच हसलो. ज्याच्यासाठी आम्ही गालिचा घ्यायला आलो होतो तो माणूस खरंच चालत नव्हता, आणि ते कुणाला सांगायचं नव्हतं.

तो माणूस म्हणजे माझे सासरे. घरात आम्ही त्यांना बाबा म्हणतो, बाहेर सगळे वकीलसाहेब. उभा जन्म वकिलीत गेला, आणि कोर्ट सुटलं तरी कोर्टाची भाषा काही सुटली नाही. भाजीत मीठ कमी असलं की ते 'हरकत' नोंदवतात. सासूबाई ती फेटाळतात.

उन्हाळा सुरू होताना त्यांच्या खोलीतून बैठकीच्या खोलीकडे येणाऱ्या बोळात ते घसरले. आमची फरशी हा सासूबाईंचा अभिमान. तिच्यात दिवा दिसतो, दिव्यावरची धूळ दिसते आणि धूळ दिसली की शिडी मागवली जाते. त्या दिवशी नुकताच ओला हात फिरला होता. बाबांचं खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं, चार पायांचा वॉकर आला. सासूबाई त्या दिवसापासून फरशी फक्त कोरड्या फडक्याने पुसतात.

बाबा खोलीत हिंडायचे. खोलीत धरायला पलंग असतो, टेबल असतं, कपाट असतं. दाराबाहेर मात्र नुसती चकचकीत फरशी. त्या दारापर्यंत ते यायचे, खाली बघायचे आणि माघारी वळायचे.

"ही फरशी फितूर साक्षीदार आहे," ते म्हणायचे. "इतकी वर्षं माझ्या बाजूने होती, ऐन वेळी उलटली."

त्यांचा व्यायाम करून घ्यायला ज्या बाई यायच्या, त्यांनी एकदा मला स्वयंपाकघरात गाठलं. हात पुसत हळूच म्हणाल्या, "पाय बरा झालाय हो त्यांचा. राहिलीय ती नुसती भीती. पण आता उंबरा ओलांडला नाही, तर पुढे ओलांडणार नाहीत. मी पाहिलंय. अशा माणसांची खोली हळूहळू लहान होत जाते. मग पलंगाएवढी होते."

बैठकीच्या खोलीत खिडकीशी बाबांची वेताची खुर्ची आहे. रोज सकाळी तिथे बसून ते रस्त्यावरच्या प्रत्येकाची जाता-जाता उलटतपासणी घ्यायचे. पाव आणून देणारा सुद्धा आमच्या खिडकीखाली आला की सायकलचा वेग वाढवायचा. आता त्या खुर्चीत कुणी बसत नव्हतं, आणि पाववाला रमतगमत जायचा. मला त्या पाववाल्याचाच राग यायचा.

मग नवऱ्याने गालिच्याची कल्पना काढली. बाबांनी ती पुरती ऐकूनही घेतली नाही.

"माझ्यासाठी? म्हणजे येणारा-जाणारा विचारणार, हे काय नवीन, आणि तुझी आई कौतुकाने सांगणार, यांचा तोल जातो ना म्हणून. नामंजूर."

मी तेव्हा गुंडीला त्यांच्या पलंगावर सोडलं होतं. गुंडी हे तिचं खरं नाव नाही, पण ज्याच्या कडेवर जाईल त्याच्या शर्टाची वरची गुंडी ती आधी शोधते, म्हणून ते चिकटलं. ती बाबांच्या सदऱ्याशी झटापट करत होती. मला सुचलं ते मी बोलून गेले.

"तुमच्यासाठी कुठे, बाबा? हिच्यासाठी. उभी राहायला लागलीय, सारखी आपटते."

बाबांनी गुंडीकडे पाहिलं. जन्मल्या दिवसापासून त्यांनी तिचं वकीलपत्र घेतलेलं आहे. ती रडली की ते खोलीतून हाक देतात, "माझ्या अशिलांचं म्हणणं कुणी ऐकून घेणार आहे का?"

"माझ्या अशिलांसाठी असेल," ते सावकाश म्हणाले, "तर माझी हरकत नाही."

त्यांना सगळं कळलेलं होतं. त्यांना कळलंय हे आम्हालाही कळलेलं होतं. पण एकदा ठरलं की ठरलं. त्या दिवसापासून घरात गालिचा बाळाचा झाला.

आता दुकानात तरी खरं बोलायला काय हरकत होती, असं कुणीही विचारेल. हरकत होती. आमच्या गावातले निम्मे लोक बाबांचे जुने अशील आहेत आणि उरलेले निम्मे समोरच्या बाजूचे. हा दुकानदार समोरच्या बाजूचा. त्याच्या दुकानाच्या भल्यामोठ्या पाटीने शेजाऱ्याच्या खिडकीवर अंधार केला म्हणून खटला झाला होता आणि तो बाबांनी जिंकला होता. आता त्याची पाटी इतकी लहान होती की आम्हाला ते दुकान दोनदा ओलांडून मागे यावं लागलं. अशा माणसाच्या कानावर 'वकीलसाहेब आता घरातच असतात' हे जाणं बाबांना चाललं नसतं.

म्हणून आम्ही 'बाळ, बाळ' करत राहिलो आणि दुकानदार मन लावून बाळासाठी गालिचा शोधू लागला.

माणूस कामाचा पक्का होता. त्याने आम्हाला प्रत्येक गालिच्यावर उभं केलं. तागाचा दाखवला आणि स्वतःच बाजूला सारला. "दिसायला छान, पण रांगणाऱ्याचे गुडघे सोलतो." नायलॉनचा दाखवला. "हा दणकट. दबला तरी परत उठतो. पण बाळाला काय, इतकं दणकट कशाला." लोकरीचा एक आखूड, घट्ट विणीचा उलगडता उलगडता परत गुंडाळला. "हा जरा कडक लागेल तिला. मोठ्या माणसांच्या वर्दळीचा आहे." मग त्याने आतून दोन हातांनी कवेत धरून एक आणला. पॉलिएस्टरचा, ढगाच्या रंगाचा, बोटभर लांब केसांचा, आणि खाली घालायला इतकं जाड अस्तर की वर गादी नसली तरी चाललं असतं.

नवऱ्याने त्यात हात घातला, तो मनगटापर्यंत गेला.

"पडू दे बाळाला कितीही," दुकानदार म्हणाला, "रडण्याऐवजी झोपेल."

मी पाय ठेवला. दिवसभर गुंडीच्या मागे धावून माझ्या टाचा ठणकत होत्या. तो गालिचा मला म्हणाला, बस आता, पुरे झालं. बाबा, वॉकर, बोळ, सगळं मी विसरले. खोटं बोलता बोलता आम्ही आमच्याच खोट्याला भुललो आणि खरंच बाळासाठी गालिचा घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी तो बोळात आणि बैठकीच्या खोलीत अंथरला गेला. सासूबाईंनी कमरेवर हात ठेवून पाहणी केली.

"मेंढी आणून निजवलीय," त्या म्हणाल्या.

"आई, दुकानाची चिठ्ठी कापू का?" मी कोपऱ्यातली पुठ्ठ्याची चिठ्ठी दाखवत विचारलं.

"राहू दे. घाई काय आहे?"

त्या कुठल्याच नव्या वस्तूची चिठ्ठी लगेच काढत नाहीत. वस्तू घरात रुळेपर्यंत चिठ्ठी राहते. आमच्या फ्रिजच्या दारावर अजून विजेच्या बचतीचे तारे आहेत, आणि बाबा म्हणतात की लग्नानंतर कितीतरी दिवस ते स्वतःच्या पाठीवर चिठ्ठी चाचपत असत.

मग मी गुंडीला मेंढीच्या मधोमध ठेवलं. तिने एक हात खाली टेकवला. हात नाहीसा झाला. तिने तो बाहेर काढून तपासला, माझ्याकडे पाहिलं आणि घर दणाणून सोडलं. त्यानंतर ती मेंढीकडे फिरकली नाही. बैठकीत यायचं तर भिंतीच्या कडेची उघडी फरशी धरून, तळ्याला वळसा घालावा तशी यायची. मेंढी मात्र सगळं गिळायची. दुधाच्या बाटलीचं बूच, माझ्या कानातलं, नवऱ्याच्या सदऱ्याच्या दोन गुंड्या. एकदा सासूबाईंनी तिच्यात हात घालून चमचा काढला आणि म्हणाल्या, "हा आपला नाही." तो कुणाचा, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि बाबा दारात आले.

तेव्हा घरातलं सगळं आपोआप थांबलं. नवरा वर्तमानपत्राआड थांबला, सासूबाई फडकं हातात धरून थांबल्या, आणि मी गुंडीचा पायमोजा अर्धा चढवून थांबले. बाबांनी वॉकर उचलला आणि उंबऱ्याच्या पलीकडे ठेवला. वॉकरचे पुढचे दोन पाय मेंढीत बुडाले. एक जास्त बुडाला, एक कमी. वॉकर किंचित तिरका झाला, बाबांच्या मनगटावरची शीर ताठ झाली. तसेच ते उभे राहिले. मग त्यांनी वॉकर आत ओढून घेतला.

"छान आहे," ते म्हणाले. "अशिलांसाठी छान आहे."

आणि दार लोटून घेतलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुपारी बाबा झोपले होते. गुंडीही झोपली होती. आमच्या घरातली महत्त्वाची कामं तिच्या झोपेतच होतात. मी बाबांच्या खोलीत चोरपावलांनी जाऊन वॉकर उचलून आणला आणि तो धरून मेंढीवरून चालू लागले. माझ्यासारखी धडधाकट बाई, पण तिसऱ्या पावलाला मी वॉकर घट्ट धरून थांबले. पाऊल टाकलं की खालून उत्तरच येत नव्हतं. जमीन कुठे आहे, हे पायाला कळायच्या आत पुढचं पाऊल टाकायची वेळ यायची.

"काय चाललंय?"

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"बघत होते, आई. कसं वाटतं ते."

मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. त्यांनी पदर खोचला आणि हात पुढे केला. "आण इकडे."

त्या बोळाच्या टोकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. येताना त्यांचा चेहरा पाहून मला त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण आमचं नातं अजून तिथवर आलेलं नव्हतं.

"हे त्यांना कसं जमावं," त्या म्हणाल्या. "चिखलात शिडी लावल्यासारखं आहे."

"कोण चालवतंय माझी गाडी?" खोलीतून आवाज आला.

आम्ही दोघी शाळकरी मुलींसारख्या एकमेकींकडे बघत राहिलो. मग सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "जा तू. तू सांग. आणि तिला घेऊन जा, तिच्यासमोर ते नाही म्हणत नाहीत."

गुंडी तोवर जागी झालीच होती. मी एका हातात ती आणि दुसऱ्या हातात वॉकर घेऊन आत गेले. वॉकर जागेवर ठेवला, गुंडी त्यांच्या मांडीवर.

"बाबा, तुमच्या अशिलांची तक्रार आहे."

"कुणाविरुद्ध?"

"मेंढीविरुद्ध. तिच्यावर पाऊल टाकत नाहीत. म्हणतात, खाली जमीन आहे की नाही तेच कळत नाही."

गुंडीने त्यांच्या सदऱ्याची वरची गुंडी पकडली होती. तिच्या मुठीकडे बघत त्यांनी विचारलं, "असं अशील स्वतः म्हणाले?"

"मीही आत्ता पाहून आले. खरं आहे त्यांचं. आईंनीही पाहिलं."

"तीही चालली?"

"बोळाच्या टोकापर्यंत. परत येताना घाबरल्या होत्या."

बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग गुंडीकडे. "मग मला का नाही कुणी आधी सांगितलं," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात कितीतरी दिवसांनी कोर्ट भरलं. "असा माल गळ्यात मारला? माझ्या अशिलांच्या? चिठ्ठी आहे?"

"आहे. कापलेली नाही."

"तुझ्या सासूला माझ्या वतीने धन्यवाद दे. आणि त्या पाटीवाल्याला बोलाव. म्हणावं, नमुने घेऊन हजर व्हा."

दुकानदार दुसऱ्याच दिवशी आला. येताना हातगाडीवरून निरनिराळ्या गालिच्यांचे लांबट तुकडे घेऊन आला, दुकानात कापून उरतात तसले, दोन-चार पावलं मावतील एवढे. त्याने मेंढी गुंडाळून भिंतीला टेकवली आणि चिठ्ठी उलटून-पालटून पाहिली.

"डाग नाही, कापलेली नाही. बदलून देतो, ताई. पण आवडला का नाही बाळाला?"

"ते बाळाचे वकील सांगतील," मी म्हटलं.

बाबा खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा होता. दुकानदाराने त्यांना वाकून नमस्कार केला, आणि मग त्याची नजर वॉकरवर गेली. तिथून ती बोळावर गेली आणि बोळावरून माझ्यावर आली. मी मान खाली घातली. तो तुकडे मांडू लागला. पण मांडताना त्याने एक गोष्ट केली. ते बाबांच्या पुढ्यात एकावर एक न ठेवता त्याने बोळात एकापुढे एक अंथरले. पहिला उंबऱ्याशी आणि शेवटचा पार बैठकीच्या खोलीत. नवरा चिकटपट्टी घेऊन त्यांच्या चारही कडा जमिनीला पक्क्या करत मागोमाग गेला.

"पहिला?" बाबांनी विचारलं.

"ताग, साहेब. हल्ली लोक फार मागतात."

"लोक काय मागतात ते सोडा. अशिलांना आणा."

मी गुंडीला तागावर सोडलं. ती दोन हात पुढे गेली, थांबली आणि गुडघे वर उचलून, हातापायांवर, पार्श्वभाग आकाशाकडे करून चालू लागली.

"अशिलांनी गुडघे उचलले, सगळ्यांनी पाहिलं," बाबा म्हणाले. "पुढचा?"

"पुढचा पॉलिएस्टरच, पण आखूड लवेचा."

"मला इथून दिसत नाही."

मी तो तुकडा उचलून दाखवू शकले असते. पण त्याच्या कडा चिकटवलेल्या होत्या, आणि मी हलले नाही.

"साक्षीदाराला काय इथून ओरडून विचारू?" बाबा पुटपुटले. त्यांनी वॉकर तागावर टेकवला. तो हलला नाही. ते उठले. सासूबाईंनी त्यांची खुर्ची उचलली आणि त्या मागे मागे निघाल्या. व्यायामाच्या बाईंनी तसंच शिकवलं होतं. दोन पावलं, आणि ते तागाच्या टोकाशी पोचले.

"हा तर दबलाय."

"दुकानात दाराशी होता, साहेब. गिऱ्हाईक उभं राहतं."

"म्हणजे दुसरं कुणी उभं राहिलं की हा आडवा होतो. असा माणूसही मी ठेवला नसता. पुढचा?"

"नायलॉन. हा कितीही तुडवा, उठतो. चहा सांडा आणि पुसून टाका."

"यावरून चालून दाराच्या कडीला हात लावला, तर झटका बसतो का? खरं सांगायचं."

दुकानदाराने घसा साफ केला. "हवा कोरडी असली की... कधी कधी."

"माझे अशील कड्याच धरून उभे राहतात." पण ते नायलॉनवर आले होते, आणि मागे वळून लवेत उमटलेल्या आपल्या पावलांकडे पाहत होते. "पाऊलखुणा चांगल्या राहतात याच्यावर. पुरावा म्हणून उत्तम. सांडण्याचंही खरं असेल तर याचा विचार करता येईल. त्यानंतर?"

"त्यानंतर लोकर. याचा धागा कापलेला नाही, वेटोळे तसेच ठेवलेत. आखूड आहे, घट्ट आहे. खाली पातळ अस्तर. पाय बुडत नाही. सुरुवातीला थोडे तंतू सुटतात, झाडावे लागतात."

"ते झाडणारे हात या घरात तयारच आहेत," बाबा म्हणाले. मागे सासूबाईंनी खुर्चीवरची पकड बदलली.

त्यांनी वॉकर लोकरीवर ठेवला. ठक्क असा मऊ, भरीव आवाज झाला. आधी एक पाऊल, मग दुसरं, मग तिसरं. ते थांबले, टाचेवर भार दिला, बोटांवर भार दिला. गुंडी त्यांच्या बाजूने भरभर रांगत पुढे निघून गेली, गुडघे टेकून, जणू हा रस्ता तिच्या ओळखीचाच होता.

बाबा दुकानदाराकडे वळले.

"आणि हा," ते म्हणाले, "हा साक्षीदार तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून असताना तुम्ही तो मागे का ठेवलात?"

बोलताना त्यांनी उजवा हात वॉकरवरून उचलला होता. कोर्टात उचलायचे तसा, बोट रोखून. सासूबाईंचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. वॉकर स्थिर होता आणि बाबाही स्थिर होते. दुकानदार त्या बोटाकडे बघत उभा होता, आणि मला वाटतं, एवढ्या आनंदाने त्या बोटासमोर तो आयुष्यात पहिल्यांदाच उभा असावा.

"चूक झाली, साहेब," तो म्हणाला. "मला वाटलं, बाळ आहे."

"बाळच आहे," बाबा म्हणाले.

तेवढ्यात पुढून थापा ऐकू आल्या. गुंडी खिडकीपाशी पोचली होती आणि वेताची खुर्ची धरून उभी राहून तिच्यावर तबला वाजवत होती.

"माझ्या जागेवर कोण..." बाबांनी सुरुवात केली, आणि ते थांबले. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग सावकाश मान वळवून मागे पाहिलं. लोकर, नायलॉन, पॉलिएस्टर, ताग, आणि त्या सगळ्यांच्या पलीकडे, बरंच लांब, त्यांच्या खोलीचं उघडं दार.

आम्ही सगळ्यांनी कुठेतरी दुसरीकडेच बघायला सुरुवात केली. नवरा चिकटपट्टीचं टोक शोधत होता, आणि त्याला ते काही केल्या सापडत नव्हतं, कारण त्याचे डोळे भरले होते.

"इतक्या लांब आणलंत मला," बाबा कुणाला उद्देशून म्हणाले, कळलं नाही. "आता परत तेवढंच जायचं. आधी चहा टाका."

आणि ते त्यांच्या खुर्चीत बसले. वेत कुरकुरला. गुंडीने लगेच त्यांच्या गुडघ्यावरून चढाई सुरू केली.

चहा घेताना दुकानदाराने हलक्या आवाजात मला ऐकवलंच. "ताई, पहिल्याच दिवशी बोलला असतात, तर मी तुम्हाला ते मेंढरू दिलंच नसतं."

"तुम्ही विचारलं होतं," मी म्हटलं. "आम्हीच नीट उत्तर दिलं नाही."

मग मापं सुरू झाली. नवऱ्याने टेपचं एक टोक बाबांच्या उंबऱ्याशी धरलं, दुकानदार दुसरं टोक घेऊन खिडकीपर्यंत आला. "इथवर, साहेब?"

बाबा खिडकीबाहेर पाहत होते. खालून पाववाला चालला होता. बाबांनी काचेवर टकटक केली. सायकल डगमगली, सावरली आणि सुसाट सुटली. बाबांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"दारापर्यंत का नाही?" ते म्हणाले.

"बाहेरच्या दारापर्यंत? साहेब, बाळ दाराशी जाईल हो. धोका असतो."

"जाईलच. माझ्या अशिलांना बाहेर जायचंय. पाववाल्याशी बोलायचंय त्यांना. त्याने वर्दी दिल्याशिवाय वेग वाढवलाय."

दुकानदाराने टेप दारापर्यंत ओढला.

लोकरीचा गालिचा आला तेव्हा रंगाची आठवण कुणालाच राहिली नव्हती. तो तपकिरी निघाला, ना नवऱ्याचा ना माझा. अंथरून झाल्याबरोबर सासूबाई कात्री घेऊन आल्या, खाली बसल्या आणि त्यांनी कोपऱ्यातली चिठ्ठी कापली. मी बघतच राहिले.

"अहो आई, रुळेपर्यंत राहू द्यायची ना?"

"रुळला," त्या म्हणाल्या. त्यांनी तळहात गालिच्यावर ठेवला आणि बोळाच्या टोकाकडे पाहत जोर देऊन दाबून बघितला.

कापलेली चिठ्ठी गुंडीने पळवली. ती तिच्या तोंडातून काढायला आम्हाला बाहेरच्या दारापर्यंत धावावं लागलं. बाबा तिथे आमच्या आधी पोचले होते.